बिडीवाल्यांची जागा शेरडांपाशी

६ जानेवारी, मंगळवार

पहिला आला तो किशनराव. जीप दारात थांबली, माझी लेक विजू लेकरू छातीशी धरून खाली उतरायलीच होती, तेवढ्यात हा शेजारी आपला ओटा सोडून हजर, अन् तोंडात बिडी. त्याच्या मागून त्याची बायको, मग गिरणीवाली धम्मशीला, मग गल्लीतली पोरं. पण पहिला मान त्याचा. "वहिनी, दावा की नात," म्हणाला. मी म्हणलं, "दावते. आधी तोंडातली भट्टी विझवा." तर म्हणतो कसा, "अहो, धूर वर जातो. लेकरू खाली हाय."

हा माणूस रोज चष्मा लावून पेपर वाचतो. वाचून ही अक्कल.

नात मी धम्मशीलेला दावली. किशनरावाला दाराबाहेरून नुसतं दुपटं दिसलं. बिडीवाल्याला तेवढं पुष्कळ झालं.

लेकरू म्हणजे काय सांगू. ओंजळीत मावंल एवढं. नाक माझं, कपाळ विजूचं, अन् जांभई आली की तोंड सगळं उघडती, चिमणीच्या पिलावानी. म्हणून मी तिला चिमणीच म्हणते. खरं नाव बारशाला. दिवस भरायच्या आत आली, म्हणून परभणीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. सोडताना डॉक्टरीणबाईनं मला समोर बसवून सांगितलं, "आजी, हिची फुफ्फुसं अजून कोवळी आहेत. घरात कुणी विडी-सिगारेट ओढायची नाही. दुसऱ्यानं ओढलेला धूर हिच्या छातीत जातो. बाहेर ओढून आलेल्या माणसानंही लगेच जवळ घ्यायचं नाही, कपड्यांत धूर राहतो. चुलीचा धूरसुद्धा नको."

मी म्हणलं, बाई, तुमी बिनघोर राहा. मी हाय.

ही डायरी विजूनं दिली. पालमच्या खताच्या दुकानाची हाय, वर कापसाचं बोंड काढलंय. म्हणाली, "माय, तू लय बोलतीस. जरा लिहून ठेव, चिमणी वाचंल." मी चौथी शिकले. चौथीत बाई गेल्या, दुसऱ्या आल्याच न्हाईत, म्हणून शाळा तिथंच राहिली. चिमणे, माझ्या वेलांट्या चुकल्या तर हसू नको.

८ जानेवारी, गुरुवार

घरातला ओढणारा एकच, आमचे मालक. नाव घेत न्हाई, लिहीत बी न्हाई. त्यांना मी कायदा सांगितला. बिडी ओढायची ती मागं शेरडांच्या वाड्यात. ओढून झाली की चूळ भरायची, हात धुवायचे, सदरा बदलायचा, अन् मग नात बघायची, ती बी लांबून.

"तू काय कलेक्टर झालीस का?" म्हणाले.

"कलेक्टरचं कुणी ऐकतं का? मी त्याच्याहून वर हाय."

"अन् तुझी मिसरी? ती काय तुळशीचा पाला हाय?"

आता ह्याला काय म्हणावं. चिमणे, तू मोठी होशील तवर मिसरी कुणाला म्हाईत असंल नसंल, म्हणून लिहिते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची अन् बोटानं दाताला लावायची. बायकांची जुनी सवय. लावली की डोकं हलकं होतं. मी म्हणलं, "मिसरी लावल्यावर माझ्या नाकातून धूर निघतो का? लावते, थुंकते. कुणाच्या छातीत जाती ती?" 

मग ते शेरडांपाशी जाऊन फुकत बसले. माझी शेरडं लिंबाचा कडू पाला खातात, बाभळीचे काटे खातात, कुणाचं धुणं वाळत असलं तर ते बी खातात. पण त्यांच्या हातातली बिडी हुंगून काळी शेळी मागं सरली. मी म्हणलं, बघा, मुकं जनावर, न शिकलेलं.

आणखी एक काम केलं. अंगणातली चूल मोडली. पाणी, भाकर, मिसरी, सगळं तिथंच व्हायचं. आता चुलीचा धूर नको म्हणल्यावर सगळं आतल्या गॅसवर. भाकर जरा करपती, पण गॅसला धूर नसतो. स्वयंपाकाची जागा अन् विजूची खोली एकच, मधी नुसता पडदा. म्हणजे लेकरावर नजर बी राहती.

११ जानेवारी, रविवार

सकाळी दुपटी धुतली. मिसरी भाजली, डबी भरली. हरभऱ्याची भाजी खुडून आणली, कवळी हाय.

दुपारी चिमणी खोकली. खोकला म्हणजे मांजराचं पिलू शिंकल्यावानी, पण माझ्या काळजात चर्र झालं. मी तशीच उठून भाईर गेले. किशनराव ओट्यावर बसलेला, हातात बिडी. त्याचा ओटा अन् आमची भिंत लागून, अन् भिंतीला वर एक झरोका.

"झाला का आता धूर खाली?" मी म्हणलं.

"वहिनी, मी आत्ता पेटवली. पहिला झुरका बी न्हाई मारला."

"मग झुरका मारायच्या आधीच तुमचा धूर पोचतो म्हणायचा. लय जोरदार माणूस हायेत तुमी."

"अहो, बिडीच्या धुरानं डास मरतात. तुमच्या लेकराला बरंच हाय."

"डास मरतात तर लेकरू काय दगडाचं हाय?"

ह्या माणसाची स्वतःची छाती रात्रंदिवस खराट्यावानी वाजती. बायको बिचारी त्याच्या उशाला बसून त्याचाच धूर गिळती अन् तिला बी दमा. अन् हा म्हणतो, आमच्या घराण्यात दमा हाय. घराण्यात न्हाई रे बाबा, तुझ्या खिशात हाय.

झरोक्यात गोणपाट कोंबलं. खिडकीला बी लावलं. आता मुंगीला सुद्धा विचारून यावं लागंल.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

आज व्याही आले. चंद्रभान त्यांचं नाव, पोखर्णीकडचे. विजूचे सासरे. संगं विहीणबाई कमलबाई. तीळगूळ द्यायला अन् बारशाचा दिवस ठरवायला.

चंद्रभानराव म्हणजे ओढणाऱ्यांतले पाटील. एक विझायच्या आत दुसरी. मिशा पांढऱ्या, पण मधी पिवळी पट्टी, जशी काय हळद लागली. आमच्याकडं पाहुणा आला की चहाच्या आधी ताट ठेवायची रीत हाय. पान, सुपारी, बिडीबंडल, काडीपेटी. व्याह्याला तर बंडल न फोडलेलं द्यायचं, तो त्याचा मान. मी ताट ठेवलं. त्यात तीळगूळ अन् बडीशेप.

ताटात बेडूक बसलाय असं ते त्या बडीशेपेकडं बघायले.

"विहीणबाई, काडीपेटी विसरलात वाटतं."

"काडीपेटी हाय की. लावायला काय न्हाई."

"माझ्याजवळ हाय," म्हणून खिशात हात घातला.

मी म्हणलं, "लेकराची छाती कवळी हाय, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. ओढायची असंल तर मागं शेरडांच्या वाड्यात जावं लागंल."

"मला? शेरडांत?"

"शेरडांनी होकार दिला तर."

चहा न घेता उठले. कमलबाई मागून निघाल्या, त्यांनी तेवढ्यात माझ्या डबीतली चिमूटभर मिसरी बोटावर घेतली अन् म्हणाल्या, "शिळी हाय का हो?" मी मेल्यावानी झाले. व्याह्याचा मी मान ठेवला न्हाई, त्याचं मला काही न्हाई. धुराड्याला कसला मान. पण विहिणीला शिळी मिसरी!

ते गेल्यावर विजू रडायली. "माय, तुला बोलायचं ते बोललीस. मला तिथंच जाऊन नांदायचंय. ते म्हणतील तुझ्या मायनं आमाला जनावरांत उभं केलं."

मी म्हणलं, "नांदायला आधी लेकरू जगावं लागतं."

बोलले खरी. पण रात्री भाकर गोड लागली न्हाई.

१९ जानेवारी, सोमवार

जावयाचा फोन आला. रामहरी गुणी पोरगा हाय, बिडीला शिवत न्हाई. म्हणाला, "मामी, बारसं पंचवीस तारखेला. आबा येतो म्हणाले. पण म्हणतात, त्या बाईच्या हातचं पाणी पीत न्हाई."

मी म्हणलं, "पाण्यानं बिडी विझती, त्याचं भ्या वाटत असंल."

तो हसला, पण लगेच म्हणाला, "पोरगी कशी हाय?" मी म्हणलं, झ्याक हाय. ते सगळं खरं न्हाई. चिमणीच्या छातीत बारीक शिट्टी वाजती. कधी वाजती, कधी न्हाई. विजू म्हणती, दवाखान्यात दावू. मी म्हणते, थंडी हाय, गोणपाट आणखी घट्ट करू. आज मिसरी भाजताना विजूला बी ठसका लागला. बाळंतीण कच्ची असती, तिला फोडणीचा बी ठसका लागतो.

मला संशय किशनरावाचाच हाय. आता त्याच्या बायकोच्या हाती निरोप पाठवला, की ओटा सोडून पिंपळाच्या पारावर बसा. तो गेला. जाताना म्हणाला, "वहिनी म्हणजे पोलीस ठाणं हाय." म्हण बाबा. ठाण्याला चोरच नावं ठेवतात.

२४ जानेवारी, शनिवार

उद्या बारसं. पाळणा धम्मशीलेकडून आणला. घुगऱ्या भिजवल्या. पुरणाची डाळ काढली.

बिडीचं ताट ठेवायचं न्हाई हे पक्कं. पुरुषमंडळी भाईर मांडवात. दाराला आतून कडी. बायका अन् लेकरू आत. कुणी म्हणलं की गुदमरतंय, तर त्यानं भाईर जावं अन् तिथल्या भट्ट्यांत बसावं.

कमलबाईसाठी पालमहून कडक तंबाखू मागवली. चांगली थप्पी हाय. आज भाजत न्हाई. उद्या त्यांच्या डोळ्यांदेखत भाजीन, गरम तव्यावरची देईन. मग म्हणा शिळी.

चिमणी आज माझ्याकडं बघून हसली. विजू म्हणती, वायू झाला म्हणून हसतात. मी म्हणलं, तुझ्या पोटात झाला असंल वायू. ती मला हसली.

२५ जानेवारी, रविवार

परभणीला दवाखान्यात हाय. डायरी लेकराच्या पिशवीत आली. चिमणीच्या नाकाला नळी लावलीय. आज लिहवत न्हाई.

२७ जानेवारी, मंगळवार

नळी काढली. दूध पिली. आता लिहिते, अन् सगळं लिहिते.

बारशाच्या दिवशी चंद्रभानराव जीपमधून उतरले ते धुतलेल्या धोतरात, नवा सदरा, डोईला फेटा. उतरल्या उतरल्या हात-पाय धुतले, चूळ भरली. बिडीबंडल ड्रायव्हरला देऊन टाकलं. म्हणाले, "विहीणबाई, काल सकाळपासून तोंडाला लावली न्हाई. नात मांडीवर घ्यायची हाय." मी मनात म्हणलं, सोंग. तोंडानं म्हणलं, "आधी बारसं होऊ द्या," अन् त्यांच्या तोंडावर दार लावलं. कडी घातली.

आत बायका दाटीवाटीनं बसल्या. मी गॅसवर तवा ठेवला अन् सगळी थप्पी त्यावर टाकली. कमलबाई पाटावर बसून बघायल्या होत्या. पाळणा म्हणायला सुरुवात झाली. तवा तापला, तंबाखू काळी पडायली, खोली भरली. बायका शिंकायल्या, डोळे पुसायल्या, हसायल्या. कमलबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "ही खरी कडक." मला कोण आनंद! मी आणखी परतली.

चिमणी खोकली. मग खोकायची थांबली. आमाला वाटलं निजली.

विजूनं पाळण्यात वाकून बघितलं अन् किंचाळली. लेकराचे ओठ जांभळाच्या रंगाचे झालेले. मला कडी दिसंना. माझ्याच घरातली, मीच घातलेली कडी, अन् त्या धुरात मला सापडंना. भाईरून दारावर धक्का बसला, दुसऱ्यात कडी तुटली. चंद्रभानराव आत आले, लेकरू उचललं अन् पळाले. मोकळ्या जागेत, मागं, शेरडांच्या वाड्यात. मी मागून पळाले तर ते त्या काळ्या शेळीपाशी उभे, लेकरू हातावर पालथं, पाठ थोपटायले अन् रडायले. लेकरू बी रडलं. असं गोड रडणं मी जन्मात ऐकलं न्हाई.

पालमच्या दवाखान्यात वाफ दिली अन् तिथून परभणीला पाठवलं.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "घरात कोण ओढतं?"

मी म्हणलं, "कुणीच न्हाई." अन् सगळं सांगितलं. शेरडांचा वाडा, बडीशेपेचं ताट, झरोक्यातलं गोणपाट, किशनरावाचा पार. सांगताना मला वाटलं, आता बाई शाबासकी देतील.

त्यांनी दुपटं नाकाशी धरलं. मग माझ्याकडं वाकल्या. "हा वास कशाचा?"

मी काही बोलायच्या आधी विजू म्हणाली, "मिसरीचा. माय गॅसवर भाजती."

"दार-खिडक्या?"

"बंद," मी म्हणलं. "भाईरचा धूर येऊ नये म्हणून."

बाईनं हातातला पेन खाली ठेवला. आवाज चढवला न्हाई. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आजी, तंबाखू विडीत जळली काय आणि तव्यावर जळली काय, धूर तोच. बाहेरचा तुम्ही बाहेर ठेवलात, आणि घरातला बाळासोबत कोंडलात."

मी किशनरावाला मूर्ख म्हणले. तो बरा. तो निदान म्हणतो धूर वर जातो. मी तर म्हणत होते धूरच न्हाई, गॅस हाय. चौथी शिकलेली, डायरी लिहिणारी, कलेक्टरच्या वरची बाई! थू तिच्या तोंडावर.

चंद्रभानराव तिथंच उभे होते. मला वाटलं, आता मिशीला पीळ देतील. त्यांचा हक्कच होता. ते खाली बघत म्हणाले, "विहीणबाई, तुमी मला शेरडांत जागा दिली होती. जागा मोठी हाय. आता आपण दोघं बसू."

मला हसू बी आलं अन् रडू बी. आधी रडू आलं.

३० जानेवारी, शुक्रवार

घरी आलो. पहिला आला तो किशनरावच. पण आज ओट्याखालूनच, हात मागं बांधून. "वहिनी, बिडी विझवून आलो. बघा, हात धुतले." धुतले होते खरे. मी म्हणलं, "पेपर वाचणारा माणूस शेवटी काही तरी शिकला." तो म्हणाला, "अन् ठाणं काय शिकलं?" गल्लीत सगळ्यांना कळलंय तर. मी त्याला चहा दिला. एवढं बोलायचा त्याला परवाना.

झरोक्यातलं गोणपाट काढलं. खिडकीचं काढलं. मिसरीचा तवा भंगारवाल्याला दिला. खोली चुन्यानं फासली, तरी पडद्याला वास होता, पडदा बी काढून टाकला.

डोकं उठलंय. हिरड्या शिवशिवतात. सकाळपासून लिंबाची काडी चावायलेय. मालक म्हणाले, "काळी शेळी तुझ्याकडं बघून खूश झाली, म्हणती माझी जात वाढली." त्यांना मी म्हणलं, तुमी अजून बिडी ओढता, तुमाला ती जातीत सुद्धा घेत न्हाई. मग ते वाड्यात गेले. बऱ्याच वेळानं आले. न धुतलेल्या हातानं आत येईनात, दारातच उभे राहून नातीकडं बघत बसले. इतकी वर्षं मी त्यांच्याशेजारी निजले, त्यांचा धूर गिळला अन् त्यांना माझा गिळायला दिला. कुणी कुणाला काही म्हणलं न्हाई. काय म्हणावं अशा अडाण्यांना.

कमलबाईचा फोन आला. बारसं अर्धं राहिलं, लेकराच्या कानात नाव पडलंच न्हाई. आत्याबाईंना घेऊन पुन्हा यायलेत. दबक्या आवाजात म्हणाल्या, "माझी मिसरी मी संगं आणू का? तुमच्याकडं आता न्हाई म्हणं."

मी म्हणलं, "आणा की. पण लावायची ती शेरडांपाशी. तिथं तुमचे मालक असतील, आमचे असतील. गर्दी हाय, जरा सरकून बसा."

त्या कितीतरी वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. न्हाई आणत."

ताटात ह्या वेळी गूळ-शेंगदाणे ठेवीन. कडी मोडली ती मोडलीच, बसवत न्हाई. चिमणी आत्ता जांभई देऊन माझ्या मांडीवर निजलीय, अन् मी कान लावून बघितलं, छातीत शिट्टी न्हाई. दार सताड उघडं ठेवणार हाय.

बुधवारी येतो म्हणालेत.